मातीचे न्हाण आणि कुरळे केस

(वार्षिक कौटुंबिक संमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिला शाखेच्या चिटणीस भगिनींनी मला निरोप धाडला की, "गुरुजी, विषय तुम्हीच निवडा; मात्र घरातल्या लेकीसुनांच्या उपयोगी पडेल असा असावा." मी विषय कळविला तेव्हा त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या असाव्यात. ज्याच्या मस्तकावर कुरळा काय, सरळ केससुद्धा औषधापुरताच उरला आहे, अशा सदुसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षकाने केसांच्या निगेवर बोलावे, हे हसू येण्यासारखेच आहे. आपण हसलात, मलाही बरे वाटले. तथापि हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले, मी कुंभाराचा मुलगा आहे आणि या विषयात मातीचा संबंध येतो. दुसरे, माझ्या अंगावर एक जुने देणे आहे. ते कोणते, हे ओघाने सांगेनच.

माझ्या मातोश्रींचे केस अत्यंत कुरळे होते. त्या काळी आमच्या घरी साबणाची वडी असे, पण ती कपड्यांसाठी. डोक्यावरून न्हावयाचे म्हणजे शिकेकाई, आणि शिकेकाई संपली असेल तर माती. वडील तळ्याची माती आणीत, वाळवीत, कुटीत आणि चाळून भिजवीत. त्यात लीद व राख मिसळण्यापूर्वी आई त्यातली ओंजळभर माती बाजूला काढून घेई. ती घमेल्यात भरपूर पाणी घालून ढवळी, थोडा वेळ थांबे, आणि वरचे गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेई. रेती तळाशी मागे राही. ओतून घेतलेले पाणी रात्रभर निवळले, की सकाळी त्याच्या तळाशी लोण्यासारखा गुळगुळीत थर मिळे. ज्या मातीने बाबा सुगडी व पणत्या घडवीत, तिचीच ही साय. तीच आई केसांना लावी. पुढे विज्ञान शिकविताना जड कण आधी बसतात व सूक्ष्म कण उशिरा बसतात, हा धडा मी मुलांना सांगू लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की तो मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून पूर्वीच शिकलो होतो.

न्हाऊन झाले म्हणजे आई बाबांच्या जुन्या धोतराच्या पदराने केस टिपून घेई, तळहातावर दोन थेंब तेल चोळून ते ओल्या केसांवरून फिरवी, आणि केस तसेच मोकळे सोडून चुलीपाशी बसे. वाळता वाळता त्यांची वळणे एकेक करून उमटत. कोरड्या केसांना तिने फणी लावलेली मी पाहिली नाही. तिला कोणी हे शिकविले होते, हे मी विचारले नाही. विचारावयास हवे होते.

आता ते देणे. १९८६ साली मी एका खेड्यातील प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखे, दात व केस तपासण्याचा परिपाठ होता आणि तो मी मोठ्या काटेकोरपणे पाळीत असे. चौथीच्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगी होती. अभ्यासात चांगली, अक्षर वळणदार. तिचे केस माझ्या आईसारखेच कुरळे होते. बिचारीची आई सकाळी शेतावर जाई. केस कोरडेच विंचरून, ताणून, दोन वेण्या घातल्या जात. आणि शाळेत येईपर्यंत ते चोहोबाजूंनी सुटून उभे राहत. एके सोमवारी मी साऱ्या वर्गासमोर तिला उभे केले आणि म्हणालो, "हे डोके आहे की सुगरणीचे घरटे?" वर्ग हसला. मलाही वाटले, आपण मोठा विनोद केला. दुसरे दिवशी ती मुलगी डोक्यावरचे सारे केस कातरून आली. कातरी तिने स्वतःच चालविली होती, हे तिच्या मानेवरील ओरखड्यांवरून दिसत होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. त्यानंतर वर्षभरात तिने एकदाही हात वर करून उत्तर दिले नाही.

बंधुभगिनींनो, ज्या माऊलीच्या कुरळ्या केसांखाली तोंड लपवून मी लहानपणी झोपलो, तिच्या मुलाने हे केले. ते केस अस्वच्छ नव्हते. त्यांना कसे वागवावे, हे तिच्या घरी ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, आणि मी ते सांगितले नाही. शिक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट न सांगता तिच्यावर हसणे, याहून मोठा कर्तव्यलोप मला सुचत नाही. ती गोष्ट आज सांगावी, एवढ्यासाठी मी उभा आहे.

प्रथम केसाचे स्वरूप पाहू. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. तो त्वचेतील एका बारीक नळीतून उगवतो. ही नळी सरळ असेल तर केस सरळ येतो. ती वाकडी असेल तर केस वळण घेत बाहेर पडतो, आणि आडवा कापून पाहिल्यास वाटोळा न दिसता चपटा दिसतो. म्हणजे कुरळेपण हे केसाच्या मुळाशी, वंशपरंपरेने आलेले असते. ते तेलाने जात नाही, विंचरून जात नाही आणि शिक्षकाच्या रागावण्याने तर मुळीच जात नाही.

केसाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांवर कसे बसलेले असतात, हे आपल्या समाजाला सांगण्यास मला सूक्ष्मदर्शक नको. छपरावर आपण कौले रचतो ना? वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, तशीच ही रचना, मुळाकडून टोकाकडे. कौले नीट बसलेली असली की पाणी ओघळून जाते व घर कोरडे राहते. उचकटली की गळती लागते. केसाचेही तेच. खवले मिटलेले असले की आतला ओलावा आत राहतो व केस चमकतो. तिखट साबण, फार कढत पाणी आणि जोराचे घर्षण यांनी ते उचकटतात, केस एकमेकांत अडकतात, तुटतात.

कुरळ्या केसांची अडचण याहून थोडी अधिक आहे. आपल्या टाळूतून नैसर्गिक तेल सुटत असते. सरळ केसांवरून ते घसरत टोकापर्यंत पोहोचते. कुरळ्या केसांवर त्याला प्रत्येक वळणावर थबकावे लागते. परिणामी टाळू तेलकट आणि टोके कोरडी, अशी स्थिती होते. शिवाय प्रत्येक वळण हे तुटण्याची एक जागाच असते. म्हणून सरळ केसांना चालणारे उपचार कुरळ्या केसांना जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे. कच्च्या मडक्याला आणि भाजलेल्या मडक्याला आपण सारखे हाताळतो काय?

याच ठिकाणी साबणाचा विचार केला पाहिजे. अंगाचा व कपड्यांचा साबण हा अल्कधर्मी असतो. केस व त्वचा यांचा स्वभाव किंचित आम्ल. त्यातून आपल्या पुष्कळ गावी विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी जड. जड पाण्यात साबण फेस न देता पांढरट चिकट साका धरतो आणि तो केसांवर बसतो. मग केस राठ लागतात, म्हणून पुन्हा साबण लावला जातो. बाजारातील शाम्पू सारेच वाईट, असे मी म्हणणार नाही. सौम्य शाम्पू पाण्यात विरळ करून टाळूपुरता वापरल्यास त्यात गैर काही नाही. गंमत अशी की 'शाम्पू' हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. चांपणे, म्हणजे दाबून मालिश करणे, यातून तो इंग्रजीत गेला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे अशा मालिशीचे स्नानगृह चालविले आणि पुढे ते दोन इंग्लिश राजांचे मालिशकार झाले. मूळ शब्दात बोटांनी डोके हळुवार चोळणे आहे. फेसाचा पत्ताच नाही.

आता मातीकडे वळू. आपण माती हातात घेतो, तेव्हा ती एकजीव वाटते. वस्तुतः चिकणमातीचा कण हा अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा बनलेला असतो; एका मिलिमीटरात असे पाचशे कण सहज मावतील. मुलतानी मातीसारख्या प्रकारात हे पापुद्रे पाण्याने फुगतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरते, आणि त्यांच्या अफाट पृष्ठभागावर तेल व मळ चिकटून राहतो. पाण्याबरोबर माती वाहून गेली की तो मळही जातो. साबणाला लागणारा फेस येथे नाही आणि जड पाण्यातला साकाही नाही.

या मातीला इंग्रजीत जे नाव आहे, ते लोकर धुणाऱ्या कारागिरांवरून पडले आहे. मेंढीच्या लोकरीतली चरबी काढण्यासाठी ते ही माती लोकरीत तुडवीत. लोकर म्हणजे तरी काय? मेंढीचे कुरळे केसच. तेव्हा मातीने कुरळे केस धुण्याची विद्या काल-परवाची नव्हे. मुलतानी मातीला नाव मिळाले ते मुलतान शहरावरून, जे १९४७ पासून पाकिस्तानात आहे. परंतु अशी माती राजस्थानात बाडमेर व बिकानेरकडेही निघते. दूर आफ्रिकेच्या उत्तरेस मोरोक्को देशात मुलुया नदीच्या खोऱ्यात अशाच जातीची एक माती खाणीतून काढतात. तिचे 'घसूल' हे नाव धुणे या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या तिने केस धूत आल्या आहेत. कोठे मोरोक्को आणि कोठे आमचे न्हाणीघर! परंतु गरज तीच व माती तीच, म्हणून रीतही तीच.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. भगिनींनी हवी तर लिहून घ्यावी.

पहिली गोष्ट मातीची निवड. माझ्या आईने तळ्याची माती वापरली. आज मी ती कोणालाही सुचविणार नाही. आज तळ्यांत सांडपाणी येते, शेतातील खते व औषधे वाहून येतात, आणि उघड्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. आपल्या चाकावरची माती तर लीद मिसळलेली. तिला डोक्याजवळ आणू नये. अंगाला लावण्यासाठी म्हणून विकली जाणारी, बिनवासाची, बिनरंगाची, बारीक चाळलेली मुलतानी माती विश्वासाच्या दुकानातून घ्यावी.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची. मुलतानी माती तेल फार शोषते. कुरळे केस मुळात कोरडे. म्हणून आदल्या रात्री एक-दोन चमचे खोबरेल अथवा तिळाचे तेल, विशेषतः टोकांना, लावून ठेवावे. तेलाने निसरडे झालेले केस बोटांनी सोडवावेत व नंतर मोठ्या दातांची फणी घ्यावी. फणी प्रथम टोकाशी, मग मध्यावर आणि शेवटी मुळाशी, अशी खालून वर चढत जावी. वरून खाली ओढली की सारी गुंत एका ठिकाणी जमते आणि पोरगी रडते.

तिसरी गोष्ट भिजवण. खांद्यापर्यंतच्या केसांना पोह्याच्या चमच्याने चार चमचे माती पुरे. पूड भांड्यात टाकताना उडते. ती श्वासात जाऊ नये म्हणून नाकाला पदर लावावा. कोमट पाणी हळूहळू घालून अर्धा तास भिजू द्यावी. धिरड्याच्या पिठाइतकी सैल झाली पाहिजे. खडे राहिल्यास फडक्यातून गाळावी. केस फारच कोरडे असतील तर पाण्याऐवजी अर्धे ताक अथवा कोरफडीचा गर घालावा.

चौथी गोष्ट लावण्याची. केस आधी पूर्ण भिजवावेत. माती बोटांच्या पेरांनी टाळूवर हळुवार चोळावी, नखे लावू नयेत. उरलेली केसांवरून टोकांकडे सोडावी. पाच ते सात मिनिटे ठेवून धुवावी. ती केसांवर वाळू देऊ नये, ही या व्याख्यानातली सर्वांत महत्त्वाची सूचना समजा. माती वाळताना आकसते. उन्हात ठेवलेले कच्चे मडके कसे तडकते हे आपल्याला ठाऊक आहे. आकसणारी माती केसाला ओढते आणि केस तुटतो. वाळू लागली तर पाण्याचा हात फिरवावा.

पाचवी गोष्ट धुण्याची. पाणी कोमट व भरपूर, बोटांनी केस उकलीत. शेवटच्या तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस पिळावा. किंचित आम्ल पाण्याने केसांची कौले पुन्हा मिटण्यास मदत होते. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये. टॉवेलने खसखसा पुसू नये. जुन्या सुती धोतराने किंवा लुगड्याच्या मऊ तुकड्याने दाबून टिपावे. मग ओल्याच केसांवर दोन थेंब तेल, अथवा जवसाचा लगदा लावावा. दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळावे, पाण्याला अंड्याच्या बलकाबाहेरील पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळावे. थंड झाल्यावर ते गाळले जात नाही. हा लगदा मुठीत केस खालून वर दाबीत लावला, की वळणे सुबक बसतात. तो फार दिवस टिकत नाही. थोडा करावा व लवकर संपवावा.

मातीचे न्हाण दर दहा-पंधरा दिवसांनी एकदा पुरे. मध्यंतरी शिकेकाईचा काढा किंवा जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस घ्यावा. रिठ्यात फेस करणारे द्रव्य असते आणि तो मळ चांगला काढतो. मात्र एकटा रिठा कुरळ्या केसांना रुक्ष होतो, आणि डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो.

आणखी एक घरगुती सूचना. मातीचे पाणी मोरीत सोडू नये. सदनिकेत राहणाऱ्या आमच्या चिरंजीवांच्या घरी आम्ही हा प्रयोग चार वेळा केला, आणि पाचव्या वेळी नळकाम करणारा माणूस बोलवावा लागला. पाणी बादलीत धरावे, निवळू द्यावे व माती झाडांच्या कुंडीत टाकावी. चांगल्या मातीला वाया घालविणे हे निदान आपल्या समाजाला शोभत नाही.

मातीचे गुण सांगितले. आता मर्यादाही सांगतो, कारण एकच बाजू सांगणे ही जाहिरात होईल. मातीने केस वाढत नाहीत, गळणे थांबत नाही, उवा जात नाहीत, टाळूचे रोग बरे होत नाहीत. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक असते. कुरळे केस गळाले तरी वळणांत अडकून राहतात आणि न्हाताना एकदम हातात येतात. त्याने घाबरू नये. परंतु टाळूवर टक्कल पडू लागले, खाज वा जखमा झाल्या, किंवा अशक्तपणासह केस फार गळू लागले, तर वैद्यकीय सल्लाच घ्यावा. प्रथम वापरापूर्वी थोडी माती कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे. आणि गर्भवती भगिनींना डोहाळ्यांत माती खाण्याची इच्छा होते. ही माती मुळीच खाऊ नये. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथे विकल्या जाणाऱ्या एका मातीत शिसे आढळल्यामुळे ती न वापरण्याचा इशारा दिला होता. माती डोक्यासाठी आहे, पोटासाठी नव्हे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? आजकाल केस सरळ करून मिळतात." होय, मिळतात. माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलीला पाहावयास पाहुणे येणार होते. घरातल्यांनीच सुचविले की केस सरळ करून घे, चेहरा उठून दिसेल. तिने ते करून घेतले. तीन तास डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि कानामागे त्वचा भाजली. पाहुणे आले, पोहे झाले, आणि स्थळ अखेर पत्रिकेवरून मोडले. केस सरळ होते; ग्रह वाकडे निघाले!

त्या उपचारात काय असते, हे मुलींच्या आईबापांना ठाऊक असावे. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांत फॉर्मॅल्डिहाइड असते, किंवा तापविल्यावर ते बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या वर्गात घातले. २०२२ साली अमेरिकेत सुमारे ३३,५०० स्त्रियांची जवळपास ११ वर्षे केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. केस सरळ करणारी द्रव्ये कधीही न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४, तर वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ते शेकडा ४.०५ असेल, असा अंदाज त्यात आहे. या आकड्यांवरून कार्यकारण सिद्ध झाले असे संशोधकही म्हणत नाहीत, आणि एकदा वापरल्याने अनर्थ होतो असे मीही म्हणत नाही. परंतु एका पाहण्याच्या कार्यक्रमासाठी हा धोका का पत्करावा, एवढे विचारण्याचा मला अधिकार आहे.

शिवाय केस मुळाशी कुरळाच उगवत राहतो. तो महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. वीतभराहून थोड्या लांब, म्हणजे तीस सेंटिमीटर केसांतून तो सरळ केलेला भाग निघून जाण्यास अडीच वर्षे लागतात. माझ्या पुतणीने ती अडीच वर्षे काढली. वर कुरळे, खाली काड्यांसारखे, अशा दोन तऱ्हांच्या केसांनी ती कंटाळून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, आजीचे केस कशाने एवढे छान राहायचे?" तेव्हा घमेले काढले. माझ्या कुटुंबाने, म्हणजे तिच्या काकूने, तिला पहिले न्हाण घातले. मी उंबऱ्यावर बसून सूचना दिल्या व त्यांतल्या निम्म्या चुकल्या. टोके थोडी थोडी कापीत गेलो. मागील दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर ती केस मोकळे सोडून ओसरीवर आली, तेव्हा माझ्या थोरल्या भगिनी एवढेच म्हणाल्या, "आईच आली गं." त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

आपण म्हणतो, सरळ केस म्हणजे सौंदर्य. हे आपल्याला शिकविले कोणी? भागवतात श्रीकृष्णाच्या मुखाचे वर्णन येते, ते कुरळ्या कुंतलांसह. बुद्धाच्या असंख्य मूर्तींच्या मस्तकावर शिल्पकारांनी कुरळ्या केसांच्या बटा कोरल्या. जे देवाच्या व महात्म्याच्या मस्तकी शोभले, ते आपल्या लेकीच्या मस्तकी उणे कसे ठरते?

आणि आपण तर गोरोबाकाकांचे वंशज म्हणवितो. तेरच्या त्या थोर संताची कथा आपल्या घराघरांत लहान मुलालाही ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखविले आणि काकांनी प्रत्येकाच्या मस्तकावर ते हलकेच मारून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे याची परीक्षा केली. नामदेवांना राग आला आणि मडके कच्चे ठरले. पुढे त्यातूनच ते गुरूकडे गेले. मी ही कथा शाळेत अनेकदा सांगितली, पण तिच्यातील एक साधी गोष्ट माझ्या ध्यानी फार उशिरा आली. काकांनी इतकी मस्तके तपासली, परंतु कोणाच्या केसांकडे पाहिले नाही. मस्तकाची परीक्षा आतल्या नादावरून करावयाची असते. मी मात्र त्या सोमवारी एका लहान मुलीचे मस्तक वरून तपासले आणि नापास केले. त्या दिवशी कच्चे मडके वर्गासमोर उभे नव्हते, ते खुर्चीवर बसले होते.

ती मुलगी आज या सभागृहात नाही. असती तरी तिचे नाव मी घेतले नसते. मध्यंतरी चौकशीअंती तिचा पत्ता मिळाला, पत्र लिहावयास घेतले आणि तीन वेळा फाडले. आता हे व्याख्यान स्मरणिकेत छापले जाणार आहे आणि स्मरणिका आपल्या घरोघरी जाते. कधी ती तिच्या हाती पडली तर तिने एवढे वाचावे : बाई, तुझे केस चांगले होते. चूक तुझ्या गुरुजींची होती. त्यांना क्षमा करणे न करणे तुझ्याकडे.

अध्यक्षमहोदय, समारोपापूर्वी एक विनंती. आपल्या वधू-वर मेळाव्याचे आवेदनपत्र मी परवा मुद्दाम मागवून पाहिले. त्यात मुलीच्या माहितीत शिक्षण, उंची व वर्ण यांच्या पाठोपाठ 'केस' असा रकाना आहे. मुलाच्या माहितीत तो नाही, हे माझ्यासारख्यांचे सुदैव! हा रकाना कोणी व कधी घातला, याची चर्चा मला करावयाची नाही. बहुधा कोणाच्याही मनात वाईट हेतू नसेल. माझ्याही मनात त्या सोमवारी नव्हता. परंतु तो रकाना भरताना आपल्या कितीतरी लेकी हात आखडतात आणि त्यांचे आईबाप 'सरळ' असे खोटे लिहितात. कार्यकारी मंडळाने पुढील मेळाव्यापूर्वी तो काढून टाकावा, अशी माझी नम्र सूचना आहे. त्या जागी काही विचारावयाचेच असेल तर मुलीला कोणती विद्या वा कला येते, हे विचारावे.

भगिनींनो, येत्या रविवारी घरातल्या एखाद्या कुरळ्या केसांच्या लेकीला पाटावर बसवा. तिचे केस तेलाने सोडवा, मातीने न्हाऊ घाला, धोतराने टिपा आणि वाळेपर्यंत तिच्याजवळ बसा. केस सुंदर होतील की नाही हे आठ-दहा न्हाणांनंतर दिसेल. आपल्या केसांवर कोणी रागावत नाही, हे मात्र तिला पहिल्याच न्हाणाला कळेल.

 गोरोबाकाकांचे स्मरण करून येथेच थांबतो.